शंभू रुसलेला नाही, गारठलाय

पत्र : माझ्या बारा वर्षांच्या मुलाने खूप दिवस हट्ट धरला म्हणून त्याच्या मामाने बेंगळुरूहून बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याचं पिल्लू आणून दिलं. नाव ठेवलंय शंभू. जुनी माशांची टाकी रिकामी होती, तिच्यात खाली वाळू, कोपऱ्यात दुकानदाराने दिलेला लाल बल्ब आणि पाण्याची वाटी अशी सोय केली आहे. आज पाचवा दिवस. पहिल्या दिवशी दोन किडे खाल्ले, त्यानंतर काहीच नाही. पालक, लेट्यूस, गाजर, सगळं देऊन पाहिलं. पोट काळं पडलंय, दिवसाही डोळे मिटून बसतो, मध्येच काचेवर चढायला बघतो. मुलगा शाळेतून आला की त्याला हातात घेऊनच बसतो आणि रडतो. सासूबाई म्हणतात, श्रावणात घरात किडे आणून ठेवलेत आणि तो खातही नाही. गणेश चवथीला आम्ही पाच दिवस वाळपईच्या बाजूला मूळ घरी जातो. त्याला न्यायचं की इथेच ठेवायचं? आणि तोवर तोंड उघडून भरवायचं का? — एक आई, फोंडा

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तोंड उघडून भरवू नका. एवढ्याशा पिल्लाचा जबडा फार नाजूक असतो, नखाने किंवा चमच्याच्या टोकाने जोर लावला तर मोडू शकतो. घास श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाचं दुखणं मागे लागतं ते वेगळंच. भरवायची वेळ आलीच तर ते काम डॉक्टरांचं. तुमच्या पत्रावरून तरी ती वेळ आलेली दिसत नाही. तुम्ही काळजी करताय शंभूच्या जेवणाची, पण घोटाळा आहे त्याच्या टाकीत.

नव्या घरी आलेलं पिल्लू पहिले दोन-तीन दिवस कमी खातं किंवा अजिबात खात नाही. इतका लांबचा प्रवास, नवे वास, नवे आवाज, त्याला जग उलटंपालटं झाल्यासारखं वाटत असणार. मोठा ड्रॅगन अंगावरच्या चरबीवर बरेच दिवस काढतो, पिल्लाकडे तेवढी शिल्लक नसते. म्हणून पाचव्या दिवशी घाबरून जायचं कारण नाही, पण ‘बघू पुढच्या आठवड्यात’ असंही म्हणायचं नाही. जे करायचं ते आज-उद्या करा.

मुलाला आधी एवढं सांगा, की शंभू त्याच्यावर रुसलेला नाही, तो गारठलाय. फोंड्याच्या ऑगस्टमध्ये गारठलाय म्हटलं तर तुम्ही हसाल, पण त्याच्या हिशेबाने ते खरं आहे. सरडे-पाली अंगात ऊब तयार करत नाहीत, बाहेरून घेतात. शंभूचं कुळ ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, रखरखीत झुडपी मुलखातलं. तिथे हे प्राणी सकाळी खडकावर किंवा वाळक्या ओंडक्यावर पसरून अंग चांगलं तापवतात आणि मग शिकारीला निघतात. पोटातला किडा पचवायला ती ऊब लागतेच. ती नसेल तर पचन थांबतं, खाल्लेलं आत कुजायला लागतं. त्यामुळे गार अंगाचं पिल्लू खायला तोंड फिरवतं, आणि ते शहाणपणच करतं.

पोट काळं पडण्याचाही याच्याशी संबंध आहे. तुमच्या कुंपणावरचा सरडा सकाळी मुलाला दाखवा. ऊन येईपर्यंत तो काळपट असतो, अंग तापलं की फिकट होतो, कारण गडद रंग ऊन जास्त शोषतो. हा सरडा आणि शंभू एकाच कुळातले, अगामिडी. पिल्लाच्या पोटावरचे काळे पट्टे भीतीनेही उठतात, आणि तुमच्याकडे सध्या दोन्ही कारणं हजर आहेत.

आता टाकीकडे येऊ. लाल बल्ब काढून टाका. ‘रात्री उबेसाठी’ म्हणून दुकानदार तो हातात ठेवतात, पण त्या उजेडात पिल्लाची झोप मोडते. आणि गोव्यात रात्रीच्या उबेची गरजच नाही. या प्राण्यांना रात्री २० अंशांपर्यंतचा गारवा चालतो, किंबहुना दिवस-रात्रीतला तो फरक त्यांना हवाच असतो. तुमच्या घरात पावसाळ्याच्या रात्रीही पारा त्याच्या बराच वर असतो. रात्री टाकीत मिट्ट काळोख हवा.

दिवसा मात्र दोन दिवे लागतात आणि दोघांची कामं वेगळी. पहिला उबेचा. त्याला महागडं काही लागत नाही, साधा पिवळा तारेचा बल्ब किंवा हॅलोजनचा स्पॉट बल्ब चालतो. लहान टाकीला ४० ते ६० वॅटपासून सुरुवात करा. एलईडी नको, त्याची ऊब मिळत नाही. बल्ब जाळीच्या झाकणाबाहेर, टाकीच्या एका टोकाला लावा, पिल्लाचं अंग त्याला कधीच लागता कामा नये. त्याखाली पेरूची जाडशी फांदी किंवा विटेवर ठेवलेला लादीचा तुकडा ठेवा. काजूची फांदी नको, तिच्या चिकाने कातडी भाजते. कण्हेरीची तर मुळीच नको. शंभू जिथे बसेल त्या पृष्ठभागाचं तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सिअस असायला हवं. दुसऱ्या टोकाला २५ ते २८, म्हणजे सध्या तुमच्या खोलीत असतं साधारण तेवढंच. तापला की तिकडे जाईल, गार वाटलं की इकडे येईल. ही ये-जा त्याची त्याला करता आली पाहिजे. टाकी इतकी आखूड असेल की सगळीकडे सारखंच तापतंय, तर ती आजच बदला, कारण पळायला गार कोपरा नसलेलं पिल्लू काही तासांत दगावू शकतं.

तापमान हात लावून कळत नाही, आणि काचेला चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर काचेची हवा सांगतो, दगडाची नाही. इन्फ्रारेड गन घ्या. मात्र कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळाची गन इथे उपयोगाची नाही, ती माणसाच्या तापापुरतीच बनवलेली असते. इलेक्ट्रिकच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात यंत्रांसाठीची मिळते ती आणा. पारा कमी भरला तर बल्ब खाली घ्या, जास्त भरला तर वर. या सगळ्या खरेदीत माझ्या मते सर्वांत मोलाची वस्तू ही गनच. बाकी सगळं अंदाजाने होतं.

दुसरा दिवा यूव्हीबीचा, म्हणजे उन्हात असतात तशा अतिनील किरणांचा. हाडांसाठी कॅल्शियम लागतं, कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते या प्राण्यांच्या कातडीत यूव्हीबी किरणांनी तयार होतं. तो दिवा नसेल तर कितीही कॅल्शियम चारा, हाडं मऊ पडत जातात, बोटं थरथरतात, जबडा रबरासारखा होतो आणि पाय वाकतात. वाढत्या पिल्लात हे काही आठवड्यांत दिसायला लागतं. खिडकीतून येणारं ऊन पुरेल असं वाटतं, पण काच हे किरण अडवते. टी-फाइव्ह जातीची, १० किंवा १२ टक्के लिहिलेली नळी घ्या, टाकीच्या निम्म्याहून थोडी लांब. ती उबेच्याच बाजूला, बैठकीपासून साधारण फूटभर वर लावा. मधे जाळी असली तर बरेच किरण तिथेच अडतात, म्हणून दाट जाळी टाळा. स्क्रूसारख्या वळलेल्या छोट्या बल्बांवर माझा भरवसा नाही. आणि नळी पेटत राहिली तरी वर्षभराने बदलायची. उजेड येत असतो, पण यूव्हीबी उतरलेला असतो. दोन्ही दिवे सकाळी एकदम लावायचे, १२ ते १४ तासांनी एकदम बंद करायचे. टायमरचा प्लग आणलात तर कुणाच्या लक्षात राहण्यावर काही अवलंबून राहत नाही.

इथवरचं कुठल्याही माहितीपत्रकात सापडेल. गोव्यात खरी लढाई दमटपणाशी आहे, आणि त्याबद्दल बाहेरच्या विक्रेत्यांना काही ठाऊक नसतं. बिअर्डेड ड्रॅगनला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८५-९० टक्के सहज असते, चपलांना बुरशी येते, मिठाला पाणी सुटतं. अशा हवेत दिवसचे दिवस काढले तर त्यांना श्वसनाचा संसर्ग होतो. तोंड उघडं टाकून श्वास घेणं, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा चिकट स्राव, श्वासाला घरघर, ही त्याची लक्षणं. दिव्याखाली बसून तोंड उघडं ठेवणं मात्र नेहमीचंच आहे, तापल्यावर ते असं करतात. गार कोपऱ्यात बसूनही तोंड उघडं असेल तर डॉक्टर गाठा.

यात दिलासा असा, की उबेचा दिवा दिवसभर हवा कोरडीही करतो. खोलीत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली, तरी तीच हवा दिव्याखाली ३८ अंशांना तापली की आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास उतरते. प्रश्न रात्रीचा आणि कोंदट टाकीचा. म्हणून झाकण पूर्ण जाळीचं हवं, काचेचं किंवा प्लायवूडचं नको. पाण्याची वाटी काढून घ्या. साचलेलं पाणी यांना चटकन ओळखूही येत नाही, त्यातून टाकी मात्र दमट होते. सकाळी अंग तापल्यावर ड्रॉपरने नाकाच्या टोकावर एक-एक थेंब सोडा, चाटून घेईल. फवारणी नको. ‘रोज अंघोळ घाला म्हणजे कातडीतून पाणी मुरतं’ असं कोणी सांगितलं तर सोडून द्या, कातडीतून काही मुरत नाही, आणि पावसात संध्याकाळी ओलं झालेलं अंग वाळत नाही. टाकी जमिनीवर किंवा ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नका, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरापासून लांब, टेबलावर ठेवा. ज्या खोलीत एसी आहे तिथे रात्री ‘ड्राय’ मोड लावता आला तर उत्तम, हवेचा झोत थेट टाकीवर येऊ देऊ नका. आर्द्रता मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर आत ठेवा. गोव्यात तुम्हाला चाळीस टक्के कायम राखता येणार नाहीत, तो आकडा बघून रोज दुःखी होऊ नका. दिवसा हवा खेळती राहिली, खालचा थर कोरडा असला आणि उबेची जागा बरोबर तापली, की बरंच निभावतं.

खालची वाळू मात्र काढाच. पिल्लू किड्यावर झडप घालताना वाळूही गिळतं, आणि अपुऱ्या उबेत ती आतड्यात अडकून बसते. आपल्या हवेत ती ओलही धरते. सध्या वर्तमानपत्र किंवा किचन टॉवेल अंथरा. दिसायला गबाळं, पण विष्ठा कशी आहे, झाली की नाही, हे लगेच कळतं. पुढे लादीचे तुकडे बसवता येतील.

काचेवर चढण्याचं कारण बहुधा त्याचं स्वतःचंच प्रतिबिंब. त्याला तिथे दुसरा ड्रॅगन दिसतो, आणि हे प्राणी एकटे राहणारे आहेत. तीन बाजूंना बाहेरून कागद चिकटवा. गार बाजूला लपायला पुठ्ठ्याची पेटी उलटी घालून तिला दार कापा. आणि ‘सोबत’ म्हणून दुसरं पिल्लू आणायचा विचार कोणी काढला तर तिथेच थांबवा. पिल्लं एकमेकांची बोटं आणि शेपट्या तोडतात.

आता चिरंजीवांचा भाग. एक आठवडा शंभूला हातात घ्यायचं नाही. पाणी, जेवण, सफाई यापलीकडे टाकीत हात नाही. हे त्याला शिक्षेसारखं वाटू नये म्हणून त्याला काम द्या. एक वही करायची. रोज कोणत्या वेळी किती तापमान, किती आर्द्रता, शंभू कुठे बसला होता, किती किडे खाल्ले, विष्ठा झाली का. आठवड्यातून एकदा डिजिटल काट्यावर डबा ठेवून वजन करायचं, आणि तो काटा पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही. अंड्यातून निघताना ही पिल्लं दोन-तीन ग्रॅमची असतात, पहिल्या महिन्यांत झपाट्याने वाढतात. वजन दोन आठवडे वाढलंच नाही किंवा घसरलं, तर काहीतरी बिनसलंय हे वहीच सांगेल, आणि डॉक्टरांकडे न्यायला याहून चांगला कागद नाही.

त्याला हेही सांगा, की या सरड्यांच्या डोक्याच्या मध्यावर एक बारीक ठिपका असतो. तो तिसरा डोळा. त्याने दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून आलेली सावली म्हणजे घार, हे त्याच्या अंगात भिनलेलं आहे. म्हणून आठवड्याने जेव्हा हात घालाल तेव्हा वरून नाही, बाजूने, त्याला दिसेल असा, आणि पोटाखालून उचलायचा. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं पुरे. शंभू नर की मादी हे इतक्यात ओळखता येणार नाही, तेव्हा शांभवी हे नाव हाताशी असू द्या. या जातीत गंमत अशी, की अंडी ३२ अंशांपेक्षा जास्त उबेत वाढली तर जनुकांनी नर असलेली पिल्लंही मादी होऊन बाहेर येतात.

जेवणाचं आता सोपं आहे. दिवे लागल्यावर दीड-दोन तास त्याला तापू द्या, मगच पहिला घास. संध्याकाळी दिवे बंद व्हायच्या दोन तास आधी शेवटचा. दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे किडे. तब्येतीत आलेलं पिल्लू दिवसाला तीस-चाळीस बारीक रातकिडेही फस्त करतं, हे आत्ताच ऐकून ठेवा म्हणजे खर्चाचा अंदाज येईल. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. मोठा किडा पचत नाही, पिल्लू त्याला घाबरतंही, आणि मला शंका आहे की पहिल्या दिवशी दिलेले ते दोन किडे मोठे होते. लहान रातकिडे, लहान डुबिया (झुरळाची एक जात) किंवा ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या चालतील. सुपरवर्म या मोठ्या अळ्या इतक्यात नको, कवच जाड असतं. गुळगुळीत काठाच्या बशीत पाच-सहा किडे सोडा आणि सगळे बाजूला व्हा. चार माणसं टक लावून बघत असताना तो खाणार नाही. उरलेले रातकिडे टाकीत ठेवू नका, रात्री ते झोपलेल्या पिल्लालाच चावतात.

किड्यांनाही चारायचं असतं. शंभूच्या पोटात जाण्याआधी दिवसभर त्यांना भोपळा, गाजर, पाला द्या. उपाशी किडा म्हणजे नुसतं कवच. मग पिशवीत चिमूटभर कॅल्शियमची पूड घालून त्यात किडे हलवायचे, रव्यात बांगडा घोळवतो तसे. सासूबाईंसमोर हे उदाहरण श्रावण सरल्यावर द्या. कॅल्शियम रोज एका जेवणाला, मल्टिव्हिटॅमिन आठवड्यातून दोनदा. माणसांच्या गोळ्या कुटून घालू नका.

पालक आणि लेट्यूस दोन्ही बंद करा. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, लेट्यूस म्हणजे पाणी. तांबड्या भाजीतही ऑक्झॅलेट असतं, ती कधीतरी चिमूटभर. त्यापेक्षा शेवग्याचा कोवळा पाला, अष्टमीला आपण भाजी करतो तोच, बारीक चिरून. परसातली जास्वंद, पानं आणि फुलं दोन्ही. किसलेला लाल भोपळा, दुधी, जराशी कोथिंबीर. आलटूनपालटून द्या, नीट धुऊन. अळूचं पान कच्चं कधीच नाही, आपल्या घशाला खाजतं ते त्याच्या घशाला किती होईल. अव्होकाडो विषारी आहे. पिल्लू सुरुवातीला पाल्याकडे ढुंकून बघत नाही, तरी रोज सकाळी ताजा ठेवायचा. हलणाऱ्या वस्तूकडेच त्यांचं लक्ष जातं, म्हणून पाल्यावर एक-दोन अळ्या सोडल्या की अळीबरोबर पानही तोंडात जातं आणि चव लागते.

बागेतले किडे पकडून देऊ नका, फवारणी आणि जंत दोन्हींचा धोका. त्यातही काजवा. गोव्यात पावसाच्या तोंडावर झाडं काजव्यांनी लखलखतात आणि मुलांना ते पकडायचा मोह होतो. काजव्यांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं. अमेरिकेत पाळलेले बिअर्डेड ड्रॅगन काजवे खाऊन मेल्याची नोंद आहे, मोठ्या ड्रॅगनलाही एक काजवा पुरतो.

सासूबाईंची तक्रार मला रास्त वाटते. सोवळ्याचं सोडून द्या, नुसत्या स्वच्छतेच्या दृष्टीनेही त्यांचं बरोबर आहे. या प्राण्यांच्या पोटात साल्मोनेला जंतू असू शकतात, त्यांना काही होत नाही, आपल्याला होतं, आणि वयस्कर माणसांना व लहान मुलांना जास्त. म्हणून शंभूची भांडी, फडकी, किड्यांचा डबा, काहीही स्वयंपाकघरात जायचं नाही, तिथल्या मोरीत धुवायचं नाही. हात लावला की साबणाने हात धुवायचे. रात्रीची किरकिर त्यांना नको असेल तर बारीक रातकिडेच आणा, आवाज फक्त पंख फुटलेले मोठे नर करतात. डुबिया अजिबात आवाज करत नाहीत, गुळगुळीत डब्यावर चढत नाहीत, पण ते झुरळच आहे हे लपवून ठेवू नका, कळल्यावर जास्त महाग पडेल. किड्यांचा डबा मागच्या बाल्कनीत, पावसाची झड लागणार नाही असा, स्टुलावर ठेवून पायांखाली पाण्याच्या वाट्या द्या. नाहीतर मुंग्या एका रात्रीत सगळे संपवतात. आणि शंभूच्या खोलीत किंवा किड्यांच्या डब्याजवळ मच्छर अगरबत्ती, कीटकनाशकाचा फवारा, धूप काही नको. किडे तर मरतातच, शंभूलाही त्रास होतो.

पाऊस उघडला की सकाळच्या कोवळ्या उन्हात त्याला थोडा वेळ बाहेर नेता येईल, खरं ऊन कुठल्याही नळीपेक्षा चांगलं. पण जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली करून, आणि एक माणूस समोर बसलेलं हवं. काचेची टाकी उन्हात ठेवली तर आतलं पिल्लू भाजून निघतं. परसातला भारद्वाज आपल्याला शुभ असला तरी सरडे हे त्याचं खाणं आहे. कावळे, मांजरं, मुंगूस आहेतच.

दिवे बरोबर लावल्यावर तीन-चार दिवसांत शंभूने खायला सुरुवात करायला हवी. तोवर नाहीच खाल्लं, किंवा त्याआधीच डोळे खोल गेले, शेपटीच्या मुळाशी हाडं दिसायला लागली, बोटं थरथरली, विष्ठा पातळ आणि घाण वासाची झाली, तर थांबू नका. गोव्यातले बरेच पशुवैद्य कुत्री, मांजरं, गुरं बघतात, म्हणून निघण्याआधी फोन करून ‘सरपटणारे प्राणी बघता का’ असं सरळ विचारा. जाताना त्याच दिवसाची विष्ठा स्वच्छ डबीत न्या. पिल्लांत कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) आणि जंत सर्रास असतात, तपासणीत कळतात आणि औषधाने आटोक्यात येतात. खरं तर सगळं ठीक असलं तरी ही तपासणी एकदा करून घ्यावी.

मामांकडून खरेदीची पावती आणि विक्रेत्याचा पत्ता लेखी घ्या. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराखाली (साइट्स) येणारे प्राणी कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आले, आणि त्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आले. नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर होते. ऑस्ट्रेलियाने आपले वन्य प्राणी व्यापारासाठी बाहेर पाठवणं केव्हाच बंद केलंय, त्यामुळे बाजारातलं पिल्लू पाळीव जोडीचंच असतं, पण तसं कागदावर असलेलं बरं. ती पावती घेऊन जवळच्या वन कार्यालयात एकदा चौकशी करा. आणि पुढे कधी सांभाळणं जमलं नाही तर रानात सोडायचं नाही. आपल्या पावसात तो तगणार नाही, आणि त्याच्या अंगावरचे जंतू आपल्या सरड्यांना लागतील. दहा वर्षांची जबाबदारी आहे ही, आणि वर्षभरात तो दीड-दोन फुटांचा होईल, तेव्हा चार फुटी पेटीची जागा आत्ताच बघून ठेवा.

आता चवथ. शंभूला वाळपईला नेऊ नका. नुकताच स्थिरावत असलेल्या पिल्लाला पुन्हा गाडीत घालायचं, माणसांनी भरलेल्या घरात गणपतीवर टांगलेल्या माटोळीखालच्या गर्दीत, फटाक्यांच्या आवाजात ठेवायचं, प्रत्येक चुलत भावंडाने त्याला एकदा उचलून बघायचं, एवढ्यात केलेलं सगळं पाण्यात जाईल. पाच दिवस एकटंही ठेवता येणार नाही. फोंडा-वाळपई अंतर काही फार नाही, तेव्हा घरातल्या एकाने, बहुधा त्याच्या बाबांनी, रोज दुपारी एक फेरी मारावी. दिवे टायमरवर, पाला सकाळऐवजी दुपारी, किडे एकदाच पण पोटभर, दोन थेंब पाणी, विष्ठा उचलायची, निघताना उरलेले किडे बाहेर. दिवसातून एकदा जेवून पाच दिवस निघतील. शेजारी विश्वासू कोणी असेल तर सकाळची खेप त्यांना द्या, पण किडे हाताळायला ते तयार आहेत का हे आधी विचारा, होकार देऊन ऐनवेळी मागे सरणारे बरेच असतात. वीज जाण्याची सवय आहेच आपल्याला. दोन-चार तास दिवे गेले तर काही होत नाही, मात्र तेवढ्यात काही खायला घालू नये. टायमर आदल्या दिवशी न लावता आठवडाभर आधी लावून बघा. काही टायमर वीज जाऊन आली की मागे पडतात, आणि रात्री दोनला दिवे पेटतात. बॅटरी बॅकअप असलेला मागून घ्या.